खिशातली शीळ

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, कुणास ठाऊक — कुठेतरी ओकायला हवं ना?

तानसाच्या रानात मी पाहुण्यांना पाखरं दाखवतो. लोक येतात ते शामासाठी. काळं डोकं, तांबूस पोट, लांब शेपटी, तिच्या मुळाशी पांढरा डाग. गळा असा की ऐकत राहावं, पण बसणार बांबूच्या दाट बेटात. बाहेर येतो कधी? आपल्या हद्दीत दुसरा नर गायला, तर. मग अंगात आल्यासारखा धावून येतो.

मी शीळ घातली की शामा येतो, अशी माझी ख्याती. खरं सांगू? शीळ माझी नाहीच. खिशात छोटा स्पीकर असतो, त्यात रेकॉर्ड केलेलं शामाचं गाणं; मी नुसता ओठांचा चंबू करतो.

गेल्या उन्हाळ्यात नाल्याकाठच्या ढोलीत शामाची पिल्लं होती. मला माहीत होतं — तरी सकाळ-संध्याकाळ वाजवत राहिलो. बाप चारा सोडून नसलेल्या वैऱ्याशी भांडायचा, आई एकटी किती पुरणार? एके दिवशी ढोलीत डोकावलो तर पिल्लं मेलेली, मुंग्या लागलेल्या. जोडीही नाला सोडून गेली.

गप्प बसायचं होतं. पण शामा गेला कुठं, अशी पाड्यावर विचारणा झाली, पाहुण्यांचं जेवण रांधणाऱ्या बायका चिडल्या — आणि मी बोलून गेलो, "शामाला कुणी गलोलीनं मारला असंल. हरीदादा तिकडं दिसला होता."

हरीदादा माझा चुलतभाऊ. तरुणपणी पाखरं मारायचा, सोडून कैक वर्षं झाली. पण एकदा नाव गेलं की गेलं. चारचौघांत शिव्या खाल्ल्या त्यानं, रानात जायची बंदी झाली. "मी नाय रे," एवढंच म्हणाला. माझ्या पापाचं खापर त्याच्या माथी फुटलं, आणि मी बघत उभा.

आता बोलू कसा? पाड्याच्या निम्म्या चुली माझ्या शिळेवर पेटतात. आणि रानाची वाट त्याच्याच अंगणावरून — दर रविवारी तो ओट्यावर बसलेला, मी पाहुणे घेऊन पलीकडच्या बेटातल्या दुसऱ्या शामाकडे खाली मान घालून जातो. किळस येते स्वतःची. तरी खिसा रिकामा नसतो.

परवा तो घरी आला. माझ्याहून मोठा माणूस, पण हात जोडून उभा राहिला. "तरण्यापणी लय पाखरं मारली रे मी. त्याचंच फेडतोय. तुझ्या मनातला राग काढून टाक."

बायको दारात उभी होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जा दादा. केलं माफ."