मुकादम नसलेलं मन

अक्का गेल्याचा दाजींचा फोन आला तेव्हा मी लातूरला वर्गात शिकवत होतो. फळ्यावरचं गणित तसंच टाकून नांदेडची बस धरली.

अक्का माझी थोरली बहीण. आमच्या बिलोलीच्या घरातून विज्ञान शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी. नांदेडला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, पण जीव गुंतला होता क्वांटम माहितीत. दोन कण असे जुळतात की त्यांची माहिती एकेकात शोधून सापडत नाही, ती दोघांच्या नात्यात असते, हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा. पौर्णिमेला विहारात ती मनाबद्दल बोलायची. "डोक्यात कुणी मुकादम बसलेला न्हाई. पेशी एकमेकींशी बोलून राहिल्यात, त्यातनं 'मी' उभा राहतो. मुकादम न्हाई हे दिसणं, म्हंजी जागं होणं. असं मला वाटतं. सिद्ध झालेलं न्हाई," हेही न विसरता जोडायची.

बाबा वारले तेव्हा मायनं तिला विचारलं, "माहिती कधी नष्ट होत न्हाई म्हंतीस. मग तुझा बाप हाय का कुठं?"

हो म्हणायला काय जात होतं! पण अक्का म्हणाली, "न्हाई माय. त्याचा अर्थ तसा न्हाई." माय कित्येक दिवस तिच्याशी बोलली नाही.

पुढं अक्काच्याच मेंदूत गाठ निघाली. आधी शब्द गेले, मग माणसांची नावं. एकदा माझ्याकडं बघत म्हणाली, "तू आपला हाईस, एवढं कळतंय..." मन कसं आपोआप जुळून येतं याचा तिनं जन्मभर विचार केला, आणि आता स्वतःचं उसवताना आतून बघत होती. ती भ्याली होती. तिचं ज्ञान तेव्हा तिच्या कामी आलं, असं मला लिहिता येत नाही.

शेवटच्या आठवड्यात तिनं मायचा हात धरला. "माय, मी... राहीन का गं कुठं?"

मी मायकडं बघितलं. मनात म्हणत होतो, व्हय म्हण, माय.

"न्हाई लेकरा," माय म्हणाली. "पर आत्ता हाईस. मी बी हाय."

अक्कानं डोळे मिटले. हात सोडला नाही.

आता बिलोलीला माय दुपारभर अक्काच्या लग्नाआधीच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसते. तिची खाट हलवू देत नाही. परवा मी म्हटलं, "इथं अंधार हाय माय, ओसरीवर बस की."

"दुसरीकडं बसवत न्हाई," ती म्हणाली, आणि सोलत राहिली.