उजाड गावचे रोगी

छप्पन साली दीक्षा घेऊन आला, तेव्हा डोमाजीनं भूतखेतं, मरीमाय, नजर, सगळ्यांना एकदमच रजा दिली. नेरकडच्या एका सरकारी दवाखान्यात तो ड्रेसर होता. बैलबंडीत घालून घाईघाईनं आणलेल्या रोग्यांचं रजिस्टरही त्याच्याकडेच. नाव, वय, गाव, काय होते. चार पावसाळ्यांची रजिस्टरं शेजारी मांडून त्यानं एक गोष्ट हेरली. हगवण-ओकारीचे रोगी दरवर्षी श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात यायला लागतात, आणि त्यातले निम्मे बोरखडीचे असतात.

बोरखडी अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत उठलं होतं. तेव्हापासून तिथं माणूस नव्हता.

त्या भागातली रीतच होती. दवाखान्यात खरं गाव सांगायचं नाही. आजाराला पत्ता कळतो. उजाड गाव सांगितलं की कुणाचंच नुकसान नाही. वरची कचेरी मात्र रजिस्टरवर विश्वास ठेवणारी. तिनं बोरखडीच्या विहिरीत दरसाल लाल दवा टाकवली. तालुक्यात तेवढं निर्धोक पाणी दुसरीकडं नव्हतं.

एकसष्टच्या श्रावणात एका संध्याकाळी रुक्माबाईनं सुकून गेलेल्या लेकीला, नलूला, आणलं. गाव विचारलं, तर बोरखडी. नलूला सलाईन लागल्यावर डोमाजी तिच्या आईजवळ बसला. खरं गाव कळलं तर उद्याच तिथल्या विहिरीत दवा पडेल, घरची लेकरं वाचतील, हे त्यानं तीन-चार तऱ्हांनी सांगून पाहिलं.

"घरी दोघं हायेत, भाऊ," ती म्हणाली. "गावाचं नाव घेतलं तं ते त्याइच्याकडं जाईन."

"मी लिहीत नाही, बाई. निस्तं कानात सांग मले."

तिनं सांगितलं.

सकाळी तो स्वतः सायकलनं दवा घेऊन गेला. विहिरीचं पाणी लाल झालं. त्या गावातून पुढं कुणी आजारी आलं नाही. नलू उठून बसली. फक्त तिच्या धाकट्या भावाला, मारोतीला, त्याच दिवशी पहाटे सुरू झालं होतं. दवाखान्याच्या वाटेवर तो बंडीतच गेला.

रुक्माबाईनं डोमाजीला बोल लावला नाही. तिनं एवढंच विचारलं, "पहाटं म्हंजे, मी सांगतल्यावरच ना, भाऊ?"

डॉक्टर म्हणाले, हा रोग दिसण्याआधी दिवस-दोन दिवस अंगात असतो. डोमाजीनं तारखा बोटांवर मोजल्या. त्याला ते पूर्ण पटलं.

पुढच्या श्रावणापासून मात्र फाटकाशी बंडी थांबली, की रोगी खाली उतरायच्या आत तो गावाच्या रकान्यात बोरखडी लिहून टाकी.