पाहुण्यांच्या ताटावरून ठरलेलं करिअर

पुण्याची एसटी दिवेआगरहून सुटताना आईने खिडकीतून मोदकांचा डबा आत ढकलला आणि शेवटची सूचना दिली, "जेवताना फोन घ्यायचा न्हाय." बाकीच्या आया अभ्यासाचं सांगत असतील. माझ्या आईचं सगळं करिअर मार्गदर्शन या एका वाक्यात होतं. गावात राहिलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही तेव्हा हसलात. बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही अजून हसता. म्हणून एकदा नीट सांगते.

वादळात आमच्या वाडीतली सुपारीची झाडं आडवी झाली. वाडीवर भागेना, तेव्हा बाबांनी दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. मी तेव्हा बारावीत होते. एवढी शिकलेली माणसं आपल्या पायांनी घरी येतायत, तर पोरीचं काय करायचं ते त्यांनाच विचारू, असं आईने ठरवलं. जेवण वाढता वाढता ती सुरू करायची, "तुमच्या कामात काय करावं लागतं? माणूस कसा लागतो त्याला?" मी शेजारी सोलकढीचा जग धरून उभी.

पाहुणे खुलायचे. बँकेतले साहेब म्हणाले, आकड्यांवर पकड हवी आणि डोकं थंड हवं. हे सांगताना ते फोनवर कुणावर तरी ओरडत होते आणि पुढ्यातली सुरमई गार होत होती. सॉफ्टवेअरमधलं जोडपं म्हणालं, सतत नवीन शिकायची तयारी हवी, आणि दोघं लॅपटॉपकडे बघतच जेवले. आई मान डोलवायची आणि स्वयंपाकघरात येऊन निकाल द्यायची. "बँक नको. मासा गार केला त्याने." असं माझं एकेक करिअर उष्ट्या ताटांवरून बाद होत होतं. मला भयंकर वैताग यायचा.

मग एक ऑडिओलॉजिस्ट बाई आल्या. लोकांचं ऐकणं तपासायचं, गरज असेल त्याला कानाचं मशीन बसवायचं, हे त्यांचं काम. त्याला काय लागतं? "धीर," त्या म्हणाल्या. "तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, आणि आवाज चढवायचा नाही." बाईंनी भात दोनदा मागून घेतला आणि दुपारी पडवीत चक्क घोरल्या. आईचा निकाल लागला. "हिचं काम शिक. हिला भूक लागते, झोप लागते. अजून काय पायजे?" बाबा कितीतरी दिवस हे कान कोरायचं काम समजत होते.

पुण्यात मी तेच शिकले, आणि नवल म्हणजे मला ते काम आवडलं. फक्त आईचा हिशेब चुकला होता. बाई सुट्टीवर होत्या, म्हणून शांत जेवल्या. एरवी पेशंट नेमके जेवायच्या वेळी फोन करतात. मी आईला हे कळू दिलं नाही. चुकीच्या कामासाठी पोरीला लांब धाडलं असं तिला वाटलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं.

परवा घरी गेले तर आईने मला पाहुण्यांच्या टेबलाशी जेवायला बसवलं. पहिल्यांदाच. आज माझं ताट तपासलं जाणार हे मी ओळखलं. भात कालवला आणि फोन वाजला. एका आजोबांचं मशीन शिट्टी मारत होतं. मी फोन घेतला. कानात नीट बसवा, किंचित दाबा, एवढंच मी परत परत सांगत राहिले, शिट्टी थांबेपर्यंत. आई भातवाढी हातात घेऊन बघत होती.

फोन ठेवला. "नापास ना?" मी विचारलं.

आईने माझं गार ताट उचललं आणि गरम भात वाढलेलं दुसरं पुढ्यात ठेवलं. "बँकवाल्याचं ताट कधी बदललं होतं का मी?" ती म्हणाली. "गप जेव. मग ऊठ, खोलीतल्या चादरी बदलायच्या हायत."

मला रडू आलं आणि भूकही लागली. मी पाहुणी नव्हते. माझं घर अजून तिथेच आहे.