डावं वळण

ट्रक समोर होता आणि गाडी वळत नव्हती. आमचे हे ओरडले, "माझ्यावांगडा झुक गो!" मी त्यांच्याबरोबर झुकले नाही. उलट मागे रेलले.

तळेऱ्याहून देवगडला मुलीकडे चाललो होतो. मोटारसायकल जुनी, चालवणारा सत्तरीचा, आणि मी नेहमीसारखी डावीकडे दोन्ही पाय सोडून बसलेली. लुगड्यात दुसरं कसं बसणार?

असं बसल्यावर उजव्या वळणाचं काही वाटत नाही. डाव्या वळणावर मात्र गाडी पायांच्या बाजूला कलते आणि डांबर तोंडासमोर येतं. मग अंग आपोआप मागे, उजवीकडे जातं. लग्न झाल्यापासून माझं जात आलंय. चालवणारा डावीकडे आणि मागचा उजवीकडे झुकला की गाडी वळत नाही, सरळ जाते. सरळ म्हणजे समोरच्याच्या अंगावर. हे मला ठाऊक नव्हतं.

ट्रकवाल्याने ट्रक रस्त्याखाली घातला, तरी मागचा कोपरा आमच्या हँडलला लागलाच. मी बाजूला फेकले गेले. हे गाडीखाली. हाक मारली. ट्रकवाला धावत आला. दोघांनी गाडी उचलली. ह्यांचे डोळे मिटलेलेच. गेले, असं मी धरून चालले. रडायलासुद्धा जोर नव्हता. तिथेच रस्त्यावर बसले.

बऱ्याच वेळाने ह्यांनी तोंड उघडलं. "डाव्या वळणार तुझ्या वाटणीचा पण मीच झुकतंय. पंचेचाळीस वर्षां. आज खांद्यान जमूक नाय."

"मगे आधी सांगूक काय झाला तुमका?"

"सांगलंय असता तर तू बसलंच नसतंस. चलत गेलं असतंस, आणि वर माकाच बोललं असतंस."

बोलले असतेच.

खांदा मोडला होता. हॉस्पिटलात पडल्यापडल्या त्यांनी सगळं समजावलं. वेग वळणाआधीच कमी करायचा. डावीकडे जायचं तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे दाबायची, गाडी झुकते. नजर ट्रकवर नाही, वळण संपतं तिथे ठेवायची. मागच्याने तांदळाच्या पोत्यासारखं बसायचं, गाडी झुकेल तसं झुकायचं.

ऐकून घेतलं. आता ऐकून काय करायचं होतं? त्यांचा हात अजून डोक्यापर्यंत जात नाही, केस मीच विंचरते.

ट्रकवाला, हे आणि मी, तिघंही जगलो.