खांद्यावरचं जाळं

नायगावच्या खाडीत आम्ही मित्र फ्लेमिंगो बघायला निघालो, तेव्हा होडीवाल्याने आधी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. होडीच्या टोकाशी घडी घातलेलं जाळं होतं, कोरडं ठणठणीत. एका मित्राचा पाय त्याला लागला, तसा होडीवाल्याने जाळ्याला हात लावून कपाळाला टेकवला. आम्ही पक्ष्यांचे फोटो काढत होतो आणि तो काळ्या पाण्याकडेच बघत होता.

परतल्यावर त्याने ते जाळं खाडीत बुडवलं आणि निथळतं तसंच खांद्यावर टाकलं.

"दादा, आज टाकलं तर नाही. मग भिजवता कशाला?" मी विचारलं.

"आय आंधली हाय. रोज हातानं चाचपते," तो म्हणाला. "मासली नाय गावली, हे तिला पटतं. जालं कोरडं कसं, ते नाय पटनार."