सासूबाईंच्या बेगोनियाची जागा

सासूबाई गेल्या तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आम्ही शहराच्या दुसऱ्या भागातून, लिंबायतहून, उधन्याला आमच्या घरी आणलं. सोबत एक पेटी आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं सासूबाईंचं लाल फुलांचं झाड. त्याला बेगोनिया म्हणतात हे मला मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं.

आबांचं इथे मन लागेना. आल्या आठवड्यातच त्यांनी जाहीर केलं, "आखाजी व्हयनी की मी घर जासू." आखाजी म्हणजे आमची खानदेशी अक्षय्य तृतीया, दोन महिन्यांवर आलेली. लिंबायतची खोली आम्ही सोडली नव्हती, पण तिथे ते एकटे राहणार कसे? आयुष्यभर मागाच्या खडखडाटात काम करून कान गेलेले, दार वाजलं तरी कळायचं नाही. नवरा म्हणाला, "जाऊ दे, तिथे रमतील." त्याला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मला मात्र आबा घरात हवे होते. माझे वडील मी लहान असतानाच गेले. शाळेतून आल्याआल्या "चहा पिधा का?" म्हणून विचारणारं माणूस मला या वयात मिळालं होतं आणि मी ते सुखासुखी सोडणार नव्हते.

त्यात झाडानं मान टाकली. "देख, त्याले बी आठे करमत नही," आबा म्हणाले. झालं, आता झाडाची साक्षही त्यांच्याच बाजूनं. मी कंबर कसली.

कारण समोरच होतं. आबांनी डबा तुळशीशेजारी भर उन्हात ठेवला होता आणि रोज आंघोळ झाली की तुळशीला एक तांब्या, बेगोनियाला एक तांब्या. मी ओरडले. तसं ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू जातही नाही. "आबा, मुळं कुजतील त्याची."

"एकले पाणी देनं अन् दुसराले नही? पाप लागस."

मी डबा उचलून जिन्याखाली सावलीत नेला. तिथे ते नुसतंच उंच झालं, फिकट आणि लुळं. शेवटी पर्वत पाटिया भागातल्या गुजराती नर्सरीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "बेन, सवारनो तडको आपो, पछी छांयडो." सकाळचं ऊन आणि मग सावली. पण ऊन किती वाजेपर्यंत? त्यानं उलट मलाच विचारलं, आधी कुठे होतं?

घरी येऊन मी आबांना विचारलं. "माले काय माहीत," ते म्हणाले आणि खाली बघायला लागले. दिवसपाळी असली की सात वाजायच्या आत घराबाहेर, रातपाळी असली की दिवसभर झोप. बायकोचं झाड घरात कुठे असायचं हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि आपण विचारलंच कशाला, असंही झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच रिक्षा करून आम्ही दोघं लिंबायतला गेलो. गॅलरीत दाराच्या डाव्या हाताला फरशीवर डब्याचा गंज उतरून गोल डाग पडला होता. मी उंबऱ्यावर बसले, आबा बादली पालथी घालून. सातला त्या डागावर ऊन आलं. साडेआठनंतर समोरच्या इमारतीची सावली पडली. शेजारीण चहा घेऊन आली. तिनं सांगितलं, सासूबाई मातीत बोट घालून बघायच्या, कोरडी लागली तरच पाणी, चार-पाच दिवसांतून एकदा. आबा ऐकत नव्हते. डागामागच्या भिंतीकडे बघत ते मला म्हणाले, "इतला उजेड येस आठे?"

आमच्याकडे तसं ऊन एकाच जागी यायचं, फाटकाजवळ, जिथे नवऱ्याची स्कूटर उभी असे. स्कूटर गेली रस्त्यावर. तो दोन दिवस धुसफुसला, मी धुसफुसू दिलं. पाणी आता मी मातीत बोट घालून बघूनच घालायचे, आबा लांबून बघत. महिन्याभरात देठ ताठ झाले आणि चार कळ्या आल्या. मी खूश, पण आबा जाण्याबद्दल काही बोलेनात आणि विचारायची माझी छाती होईना.

आखाजीला सासूबाईंच्या नावानं घागर पुजली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आबांची पिशवी भरून दाराशी. मी रागारागानं त्यांच्यासोबत द्यायला जेवणाच्या डब्यात पुरणपोळ्या भरल्या. भांडी आपटली तीही त्यांना ऐकू येणार नव्हती. आबांनी तुळशीला पाणी घातलं, फाटकापाशी गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि बेगोनियाच्या मातीत बोट घातलं.

"ओलं शे. परवा देसू."

"परवा तुम्ही लिंबायतला असाल," मी जवळ जाऊन ओरडले.

त्यांनी धोतराला बोट पुसलं. "मंग याले कोन देखई?"

मी दाराशी गेले, पिशवी उचलली आणि आत नेऊन त्यांचे कपडे कपाटात लावून टाकले.