मंत्र्यांच्या खात्यासाठी प्रार्थना

केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलो, तेव्हा प्रभूवर माझा पूर्ण विश्वास होता. मात्र काम व्हायचं असेल तर वरून एक फोन गेलेला बरा, असंही माझं मत होतं. या दोन्ही श्रद्धा माझ्या मनात वर्षानुवर्षं सुखाने नांदल्या. मग माझ्या बायकोच्या, शीलाच्या, हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन लवकर हवं होतं आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात खाट मिळणं कठीण, असं जो तो सांगत होता. मी निश्चिंत होतो. एका मंत्र्यांचे खासगी सचिव माझ्या ओळखीचे होते. "हो जाएगा यार, बस एक फोन," ते म्हणाले होते. त्या फोनची वाट पाहत आम्ही घरी बसलो. शीलाला जिना चढवेना, मग आडवं होऊन झोपवेना. आणि अशात मंत्रिमंडळात फेरबदल होणार, अशी बातमी आली.

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी संध्याकाळी करोल बागेत कुणाच्या तरी घरी जमतात. गीतं झाली की प्रत्येक जण आपला प्रार्थनेचा विषय सांगतो. माझी पाळी आली. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि गंभीरपणे म्हणालो, "मंत्रीसाहेबांचं खातं कायम राहावं, यासाठी प्रार्थना करा."

आमच्यातल्या सर्वांत वडील रूथमावशी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आजारी कोण आहे रे? शीला की मंत्री?"

"मावशी, ते राहिले तर खाट मिळेल."

"अच्छा! म्हणजे देवाने आधी त्यांना वाचवायचं, मग ते शीलाला वाचवणार. तुझी देवाशी थेट ओळख नाही वाटतं?"

सगळे हसले. शीलाही हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. मग कुणी हसलं नाही.

मंत्र्यांचं खातं गेलं. सचिवांचा फोन लागेना. शीला म्हणाली, "अहो, चला आता, सगळ्यांसारखं रांगेत उभं राहू या." रुग्णालयाच्या रांगेत उभी असतानाच ती खाली बसली, ओठ निळे पडले होते. पुढच्या शीख बाईंनी मागे वळून पाहिलं आणि आवाज चढवला, "ओ भाईसाब, पहले इनको जाने दो!" बसमध्येही कोपर मागे न घेणारी ही दिल्ली, पण ती रांग बाजूला झाली. बायबलात तांबडा समुद्र दुभंगला तेव्हा कसं दिसलं असेल, याची मला थोडी कल्पना आली. डॉक्टरांनी शीलाला तपासलं आणि तिथूनच दाखल करून घेतलं. "इतने दिन कहाँ थे आप?" त्यांनी विचारलं.

ऑपरेशनच्या दिवशी दार बंद झालं आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. फोन करण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. तोवरच्या माझ्या प्रार्थना म्हणजे सरकारी टिपणंच असत: आधी अडचण, मग मीच सुचवलेला उपाय, आणि खाली देवाच्या सहीपुरती जागा. त्या दिवशी एवढंच म्हणालो, "बापा, शीला तुझ्या हातात आहे."

रांगेतल्या त्या बाई कोण, कुठल्या, मला ठाऊक नाही. सरकारची नोकरी मी अजून करतो, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थनाही करतो; भार मात्र त्यांच्यावर टाकत नाही. शीला बरी होऊन घरी आली, याबद्दल प्रभूचे आभार मानतो. ती आली नसती, तरी त्याच्याच हातात असती. हे मला त्या बाकावर कळलं होतं, दार उघडण्याच्या आधीच.